शिंपल्यांची जनेलं आणि हिवाळ्यातली डागडुजी : गोव्यातल्या घरांची एक जुनी रीत

जुन्या घरांबद्दल लिहायला बसलं की आपण बहुतेक सगळे दरवाजापासून सुरुवात करतो. दरवाजा, देवडी, राजांगण, तुळशीवृंदावन, देवघर, माजघर असा क्रम ठरलेला असतो. खिडकी येते ती शेवटी, तीही छायाचित्राच्या ओळीत. पण घर कधी बांधलं, कुणी बांधलं, त्या घरात पैसा कुठून आला आणि घरातल्या माणसांना बाहेरच्या जगाशी किती संबंध ठेवायचा होता, हे खिडकीइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. शिवाय घराचा जो भाग सगळ्यात आधी बदलला जातो तोही खिडकीच. भिंत पाडायला माणूस दहा वेळा विचार करतो. खिडकी मात्र दोन दिवसांत निघते आणि तिसऱ्या दिवशी जुनी चौकट चुलीत किंवा भंगारात जाते.

गोव्यात हे काम बहुधा हिवाळ्यात होतं. पाऊस संपला, भिंती सुकल्या, दिवाळी आणि तुळशीचं लग्न पार पडलं की घराघरांत रंग, कौलं आणि खिडक्या यांची कामं निघतात. ही रीत आजची नाही. या लेखात त्याच हिवाळी कामाचा आणि त्यातल्या एका खास वस्तूचा, म्हणजे शिंपल्यांच्या जनेलांचा इतिहास पाहू. जनेल हा शब्द पोर्तुगीज 'जानेला'वरून आला, हे गोव्याच्या वाचकांना सांगायला नको. बेळगाव-बडोद्याकडच्या वाचकांसाठी एवढं सांगून पुढे जातो.

शिंपला कुठला आणि कसा

जनेलांना वापरला जाणारा शिंपला म्हणजे कालवांच्या दूरच्या नात्यातला एक सपाट प्राणी. शास्त्रीय नाव प्लॅकुना प्लॅसेंटा. त्याच्या दोन्ही झडपा जवळजवळ गोल, कागदासारख्या पातळ आणि चपट्या असतात. एक पूर्ण सपाट, दुसरी किंचित फुगीर. हाताच्या पंजाएवढा वाढलेला शिंपला उजेडासमोर धरला तर दुधाळ प्रकाश आरपार येतो, पण पलीकडचं माणूस दिसत नाही. उथळ खाड्यांच्या चिखलवट तळावर हा प्राणी आडवा पडून राहतो. गोव्यात त्याचं प्रसिद्ध ठिकाण म्हणजे जुवारी नदीच्या मुखाजवळचा चिखलीचा उपसागर. भारतात आंध्रातला काकिनाडा उपसागर आणि कच्छच्या आखाताचा भाग हीही त्याची जुनी ठिकाणं. फिलिपाईन्समध्ये हाच शिंपला 'कापीझ' नावाने ओळखला जातो आणि तिथल्या जुन्या घरांच्या सरकत्या खिडक्या त्याच्याच असतात.

बडोद्याच्या वाचकांसाठी यात एक घरचा धागा आहे. गायकवाड सरकारच्या ताब्यातल्या ओखामंडळाच्या किनाऱ्यावर हा शिंपला मिळत असे. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदे सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून त्या किनाऱ्याची पाहणी करून घेतली आणि तिचा पहिला भाग १९०९ साली प्रसिद्ध झाला. ओख्याकडे या शिंपल्याला महत्त्व होतं ते खिडकीसाठी नव्हे, तर त्याच्या पोटातल्या बारीक मोत्यांसाठी. दागिन्यात न बसणारे हे मोती औषधात, भस्मासाठी जात. म्हणजे एकच प्राणी. एका किनाऱ्यावर तो वैद्याच्या खलात गेला आणि दुसऱ्या किनाऱ्यावर सुताराच्या हातात.

हा शिंपला इतका पातळ असून फुटत कसा नाही, हा प्रश्न कुणालाही पडेल. २०१४ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी त्याचा अभ्यास केला. शिंपल्यात ९९ टक्के कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचंच स्फटिकरूप, आणि उरलेला सुमारे एक टक्का सेंद्रिय पदार्थ. हे स्फटिक अतिशय पातळ थरांत रचलेले असतात. टोचलं तर इजा तेवढ्या जागेपुरती राहते, तडा लांबवर धावत नाही. काचेला खडा लागला की ती चारी दिशांना तडकते. शिंपल्याला लागला तर भोक पडतं, बाकीचा तुकडा जागेवर राहतो. आपल्या सुतारांना हे स्फटिकांचं गणित ठाऊक नव्हतं, पण परिणाम ठाऊक होता. पावसाळ्यात नारळाची झावळी आदळणाऱ्या घरात शिंपला काचेपेक्षा बरा, हे त्यांना अनुभवाने कळलेलं होतं.

'पोर्तुगीज खिडकी' म्हणावं का?

पर्यटनाच्या पुस्तिकांत या खिडक्यांना सरसकट 'पोर्तुगीज' म्हटलं जातं. इथे थोडं थांबायला हवं. हा शिंपला युरोपच्या समुद्रात होत नाही. पोर्तुगालातल्या घरांना अशा खिडक्या नाहीत. म्हणजे माल इथला, हात इथले. पोर्तुगीजांनी आणली ती मोठ्या, रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडकीची हौस. तिला पुरेल एवढी काच त्या काळी इथे नव्हती, म्हणून इथल्या खाडीतली वस्तू तिच्यात बसवली गेली. पोर्तुगीज भाषेत या शिंपल्याच्या तुकड्यांना 'कारेपा' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ खवला. खिडकीकडे दुरून पाहिलं तर माशाच्या खवल्यांची आठवण होतेच.

आणि ही गोष्ट एकट्या गोव्याचीही नाही. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर फिरला. त्याचं पुस्तक १६९८ साली छापलं गेलं. सुरतेबद्दल लिहिताना तो नोंदवतो की काच तिथे महाग, व्हेनिसची काच इस्तंबूलच्या वाटेने येते, त्यामुळे खिडक्यांना लाकडी जाळी, अभ्रक किंवा बहुधा शिंपले वापरतात. सुरत मोगलांची होती, पोर्तुगीजांची नव्हे. तेव्हा शिंपल्याची खिडकी ही किनाऱ्यावरच्या व्यापारी शहरांची सामाईक सोय होती असं म्हणणं जास्त बरोबर. इतर ठिकाणी काच स्वस्त झाल्यावर ती गेली. गोव्यात ती जास्त काळ टिकली, म्हणून तिच्यावर गोव्याचा शिक्का बसला.

पाउलो व्हारेला गोमिश या पोर्तुगीज वास्तु-इतिहासकाराने गोव्यातल्या चर्चवास्तूंबद्दल २०११ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात असाच मुद्दा मांडला आहे : या इमारती धड युरोपीय नाहीत, आणि 'युरोपीय अधिक भारतीय' अशी नुसती बेरीजही नाहीत, त्या गोव्याच्या आहेत. खिडकीलाही हेच लागू पडतं असं मला वाटतं. 'पोर्तुगीज' म्हणून ती ज्यांनी आवडीने जपली आणि 'पोर्तुगीज' म्हणूनच ज्यांनी रागाने काढून टाकली, दोघांनीही तिच्यामागचा चिखलीचा मच्छीमार आणि गावचा मेस्त विसरून टाकला.

हिंदू घरांच्या खिडक्या

फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे नव्या काबिजादीचे महाल पोर्तुगीजांकडे आले ते १७६३ ते १७८८ या काळात. या भागातली जुनी हिंदू घरं आतल्या बाजूला तोंड करून बसलेली असतात. उजेड आणि वारा राजांगणातून येतो. बाहेरच्या भिंतीला खिडक्या थोड्या, लहान, उंचावर आणि उभ्या लाकडी गजांच्या. चोर, जनावर, आणि परक्याची नजर, तिन्हींपासून बचाव. सासष्टी-बारदेशातल्या ख्रिस्ती घरांचं तोंड उलट : रस्त्याकडे बल्कांव, त्याच्या दोन्ही अंगांना उंच जनेलांची रांग, आणि आतल्या सालात त्या जनेलांतून येणारा पांढरा मऊ उजेड.

पण ही विभागणी फार ताणू नये. कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेचं सध्याचं देऊळ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, छत्रपती शाहूंच्या काळात त्यांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. त्याला कमानीच्या, युरोपीय वळणाच्या खिडक्या आहेत आणि त्यांतून रंगीत काचाही दिसतात. म्हणजे देवळाला जे चाललं ते घराला चालायला हरकत नव्हती. प्रश्न आवडीचा कमी आणि सुरक्षिततेचा, ऐपतीचा जास्त होता. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचं स्थान मिळालं. त्यानंतर नोकरी, शिक्षण, छापखाने, वाचनालयं यांत हिंदू समाज जसा उघडपणे पुढे आला, तशा त्याच्या घरांच्या दर्शनी भिंतीही हळूहळू उघडत गेल्या. जुन्या गजांच्या खिडकीशेजारी मोठं दुपाखी जनेल दिसलं, तर ते घराच्या कोणत्या पिढीने बसवलं हे विचारून पाहावं. उत्तरात बऱ्याचदा घरातला पहिला वकील, पहिला डॉक्टर किंवा मुंबईला जाऊन पैसे पाठवणारा पहिला मुलगा सापडतो.

हे काम हिवाळ्यातच का?

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात पुरुमेताची गडबड असते : सुकी मासळी, तांदूळ, मीठ, लाकूडफाटा. त्याच वेळी बल्कांव आणि दर्शनी जनेलं माडाच्या झावळ्यांच्या झापांनी झाकायची, म्हणजे पाऊस सरळ शिंपल्यांवर मारत नाही. हे झाप चार महिने राहत आणि पाऊस गेला की उतरत. ते उतरले की जनेलांची खरी अवस्था दिसे.

लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. पावसाळ्यात झडप फुगते, चौकटीत अडकते, जोर लावल्याशिवाय उघडत नाही. अशा वेळी माणूस वैतागून रंधा मारायला लावतो. हीच चूक. जुलैत तासून सैल केलेली झडप जानेवारीत आकसते, चौकटीशी बोटभर फट पडते आणि खाचांतले शिंपले सुटे होऊन वाऱ्याबरोबर खुळखुळू लागतात. म्हणून जाणता मेस्त पावसात झडपेला हात लावत नसे. मार्गशीर्ष-पौषापर्यंत थांबायचं, लाकडाने पाणी सोडलं, ते आपल्या मूळ मापाला आलं, की मग माप घ्यायचं आणि पुढच्या पावसातल्या फुगवट्यासाठी नेमकी किती जागा ठेवायची ते ठरवायचं. ही जागा कागदावर मोजत नसत, हाताच्या सवयीने ठेवत.

दुसरं कारण चुन्याचं. भिंतींना चुना देण्याचं काम पावसानंतरच होतं. चुना देताना झडपा बिजागऱ्यांवरून उतरवाव्याच लागतात, नाहीतर डाग पडतात. उतरवल्या आहेत तर दुरुस्तीही उरकून घ्यायची. तिसरं कारण तेलाचं. अळशीचं तेल किंवा काजूच्या टरफलाचं तेल दमट हवेत लवकर सुकत नाही, चिकट राहतं, त्यावर बुरशी आणि धूळ बसते. कोरड्या हवेत ते लाकडात मुरतं. काजूचं तेल वाळवीला दूर ठेवतं, म्हणून वाशांना आणि होड्यांनाही तेच लावायची पद्धत.

चौथं कारण अगदी व्यवहाराचं. सरदाचं भात कापून झालेलं, घरात धान्य आलेलं, हातात थोडे पैसे. पुढे जत्रा, लग्नं. ख्रिस्ती घरांत फेस्तं आणि नाताळ. पाहुणे यायच्या आत घर नीट दिसायला हवं. आणि पाचवं, जे सहज लक्षात येत नाही : शिंपलेही याच काळात मिळत. पावसाळ्यात खाडी गढूळ आणि ओढ जबरदस्त. उघडिपीतच खाली उतरून तळावरचे शिंपले वेचता येत. म्हणजे माल, मजूर, पैसा आणि हवा, सगळ्यांचा मेळ हिवाळ्यात बसे.

जनेल कसं बनतं, कसं दुरुस्त होतं

झडपेची चौकट सागाची किंवा फणसाची. साग बहुतेक घाटापलीकडून, खानापूर-लोंढ्याच्या बाजूने येणारा. बेळगावकरांचा गोव्याच्या खिडक्यांशी संबंध तो असा. चौकटीच्या आत बारीक लाकडी पट्ट्या असतात आणि त्यांच्या कडांना खाच. शिंपल्याची वेडीवाकडी कड कापून चौकोनी तुकडा करायचा आणि तो त्या खाचांत सरकवायचा. एकावर एक तुकडा किंचित चढवला की पाणी कौलांवरून ओघळावं तसं बाहेरच्या बाजूने ओघळतं. डिंक नाही, लांबी नाही, खिळा नाही. तुकडा फुटला तर पट्टी सैल करून तो काढायचा आणि दुसरा सरकवायचा. खिडकी दुरुस्त व्हावी, याच हिशेबाने ती बनवलेली असते. फेकून नवी आणावी या हिशेबाने नव्हे.

थोडा हिशेब करून पाहू. दोन फूट रुंद आणि चार फूट उंच झडप, आणि दिसणारा तुकडा सहा सेंटिमीटर लांब-रुंद धरला, तर चौकटीचं लाकूड वजा जाऊन एका झडपेला दीडशे ते दोनशे तुकडे लागतात. दहा जनेलांच्या घरात वीस झडपा, म्हणजे तीन ते चार हजार तुकडे. एका प्राण्याच्या दोन झडपा धरल्या तरी एका घराच्या दर्शनी भिंतीमागे दीड-दोन हजार शिंपले आहेत. हा आकडा डोळ्यांपुढे ठेवला की एका गावातल्या घरांसाठी खाडीतून किती माल वर आला असेल याची कल्पना येते. त्याच खाडीतले शिंपले खायलाही जात आणि भट्टीत जाळून चुन्यासाठीही.

दुरुस्तीची रीत साधी, पण धीराची. झडप उतरवून सावलीत आडवी ठेवायची. ओसरीवरची खाट त्याला उत्तम. उन्हात ठेवली तर एकाच बाजूने सुकून पीळ बसतो. खालची पट्टी सोडवून तुकडे क्रमाने बाहेर काढायचे. ते साध्या पाण्यात किंवा रिठ्याच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने पुसायचे. इथे एक सावधगिरी सांगतो, कारण पितळी भांड्यांची सवय शिंपल्यावर चालवलेली बऱ्याच घरांत दिसते : चिंच, लिंबू, व्हिनेगर, न्हाणीघर साफ करायचं ॲसिड, यांतलं काहीही शिंपल्याला लावू नये. शिंपला म्हणजे चुनखडी. आंबट लागलं की तो विरघळतो. पहिल्यांदा चकचकीत दिसतो, दोन-तीनदा केल्यावर जाळीदार होऊन हातातच मोडतो.

भिजलेला शिंपला पत्रा कापायच्या कात्रीने कापता येतो. सुका कापला तर कडेचे पापुद्रे सुटतात. मोठा तुकडा एका कोपऱ्यात फुटला असेल तर तो टाकायचा नाही, लहान मापाच्या जागेसाठी ठेवायचा. लाकडाचं तसंच. झडपेचा खालचा दांडा पाण्याने कुजतो, वरचा शंभर वर्षं टिकतो. मग खालचाच दांडा बदलायचा आणि जुन्याला नवा सांधा द्यायचा. बिजागऱ्या, स्क्रू पितळी वापरायचे. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, गंजून फुगतं आणि आजूबाजूचं लाकूड आतून चिरतं.

काच आली

काच गोव्यात आधीही होती, पण चर्च, राजवाडे आणि मोजकी श्रीमंत घरं यांच्यापुरती. एकोणिसाव्या शतकात युरोपात काचेचे मोठे तक्ते स्वस्तात बनू लागले. राजधानी १८४३ साली अधिकृतपणे पणजीला आली आणि तिथे नवी घरं, नवी कचेऱ्या बांधल्या गेल्या. १८८० च्या दशकात मुरगाव बंदर आणि तिथून घाट चढून जाणारी रेल्वे सुरू झाली. आगबोटीतून आलेला काचेचा तक्ता न फुटता बाजारात पोचू लागला. काचेला गोव्यात 'विद्र' म्हणतात, हाही पोर्तुगीज 'विद्रो'चाच अवतार.

याच सुमारास महाराष्ट्रात स्वदेशी काचेचा ध्यास सुरू झाला होता. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगाव दाभाड्याला १९०८ साली काच कारखाना निघाला. पुढे १९१६ मध्ये ओगले बंधूंचा कारखाना आला, ज्याच्या प्रभाकर कंदिलाने गोव्यातल्याही कितीतरी ओसऱ्या उजळल्या असतील. पण या कारखान्यांचा भर होता तो कंदिलाच्या चिमण्या, बाटल्या, भांडी यांवर. खिडकीचा सपाट तक्ता बराच काळ परदेशातून, विशेषतः बेल्जियममधून येत राहिला.

काच आली तरी शिंपला लगेच गेला नाही. बऱ्याच घरांत दोघांनी तडजोड केली. झडपेच्या मधल्या भागात एक-दोन काचा, बाहेर कोण आलंय ते दिसावं म्हणून. बाकी सगळे शिंपले. काही ठिकाणी वरच्या कमानीत रंगीत काच, खाली शिंपला. ही मिश्र जनेलं इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाची. काच कधी परवडली आणि तरीही शिंपला का सोडवला नाही, हे दोन्ही त्यांत वाचता येतं. शिंपल्याचा उजेड डोळ्यांना खुपत नाही, ऊन थेट आत येत नाही, पडद्याची गरज नाही, आणि भर पावसात सगळं बंद करून बसलं तरी घर अंधारकोठडी होत नाही.

खरा बदल झाला तो १९६१ नंतर. सिमेंट, लोखंडी ग्रील, मग ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. जुने मेस्त गेले, त्यांची मुलं फर्निचर आणि अंतर्गत सजावटीच्या कामाकडे वळली. तिथे पैसा बरा आणि रोज. रस्ते वाढले, धूळ वाढली, घरात वातानुकूलन यंत्र आलं. शिंपल्याच्या जनेलातून हवा झिरपते. एके काळी तो तिचा गुण होता, आता तो दोष ठरला. म्हातारे आईवडील एकटे राहणाऱ्या घरात डास आणि चोर यांची भीती असते. या अडचणी खऱ्या आहेत. इतिहासप्रेमाच्या भरात घरमालकाला दोष देणं सोपं, पण त्या घरात राहायचं त्यालाच असतं.

आता काढलेला शिंपला परत येत नाही

तरीही एक गोष्ट प्रत्येक घरमालकाला ठाऊक असायला हवी. २००१ साली हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीत समाविष्ट झाला. म्हणजे पूर्वीसारखं हिवाळ्यात खाडीवर जाऊन टोपलीभर शिंपले आणणं आता कायद्यात बसत नाही, आणि ते योग्यही आहे; कारण चिखलीसारख्या मोजक्या जागांवर या प्राण्याचं अस्तित्व अवलंबून आहे. याचा सरळ अर्थ असा : गोव्यातल्या जुन्या जनेलांत आज जेवढे शिंपले आहेत, तेवढाच आपला साठा. चारशे वर्षं जी खिडकी 'फुटला तर दुसरा सरकवा' या हिशेबावर चालली, तिचा 'दुसरा' आता दुसऱ्या जुन्या खिडकीतूनच येऊ शकतो.

म्हणून आपल्या मंडळाच्या वाचकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी लिहितो.

खिडकी बदलायचीच असेल तर आधी तिचा फोटो आणि मापं घ्या : समोरून, आतून, खाचांचा जवळून, बिजागरीचा. चौकटीच्या मागे सुताराने कोरलेल्या किंवा कोळशाने लिहिलेल्या खुणा पाहा. झडपा अदलाबदल होऊ नयेत म्हणून तिथे आकडे घातलेले असतात. ते मोडी, देवनागरी की रोमन, एवढ्यावरूनही काम करणाऱ्या हाताचा काही अंदाज येतो.

सगळी जनेलं ठेवणं जमत नसेल तर दर्शनी ठेवा. मागच्या झडपांतले चांगले तुकडे काढून पुढच्यांत वापरा आणि मागे काच बसवा. घर एक, साठा एक. असं केलं तर दर्शनी भिंत आणखी दोन पिढ्या निभावते. डास, धूळ, वातानुकूलन यांसाठी शिंपल्याची झडप काढायची गरज नाही. बहुतेक जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या आणि जाड. त्या जाडीत आतल्या बाजूला काचेची दुसरी झडप किंवा जाळी सहज बसते. सरकती खिडकी अर्धीच उघडते, दुपाखी जनेल पूर्ण उघडतं, हेही मे महिन्यातल्या रात्री आठवून पाहावं.

झडप टाकायचीच असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. तुकडे धुऊन, कागदाच्या घड्या मध्ये घालून, कोरड्या पेटीत ठेवा. गावात कुणी आपलं जनेल दुरुस्त करत असेल तर त्याला ते सोन्यासारखे. नवीन शिंपला 'मिळवून देतो' असं कुणी म्हणालं तर तो कुठला, कसा आणला, हे विचारा आणि वन खात्याकडे खातरजमा केल्याशिवाय घेऊ नका. ज्यांना जुनी जनेलं आणि त्यांचे भाग एकत्र पाहायचे असतील त्यांनी तोर्डा इथलं वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी उभारलेलं 'हाउझिस ऑफ गोवा' हे संग्रहालय पाहावं.

आणि शेवटी, घरातल्या जुन्या वह्या. बऱ्याच हिंदू घरांत जमाखर्चाच्या मोडी-देवनागरी वह्या माळ्यावर पडून असतात. त्यांत लग्नाचा, जत्रेचा, देवाचा खर्च आपण शोधतो. यापुढे मार्गशीर्ष-पौषाची पानंही पाहा : मेस्ताची मजुरी, चुना, तेल, सागाची फळी, खिळे-बिजागऱ्या. अशी एखादी ओळ सापडली तर तिचा फोटो आणि वाचन मंडळाकडे पाठवावं. खिडकीचा इतिहास मोठ्या ग्रंथांत फारसा नाही. तो असल्या दोन-चार ओळींच्या खर्चातच असतो. या हिवाळ्यात जनेल उतरवायच्या आधी तेवढी वही माळ्यावरून उतरवावी, एवढीच विनंती.